पसरणीचा घाट आणि अष्टमांश इंच

वाईहून पांचगणीस चढणारा पसरणीचा घाट ज्यांनीं पाहिला असेल, त्यांस त्याची शोभा आम्हीं सांगावयास नको. खालीं कृष्णेचें खोरें, धोमच्या धरणाचें पाणी, पलीकडे डोंगरांच्या रांगा, आणि वळणागणिक उघडत जाणारा तो देखावा! परंतु गेल्या मार्गशीर्षांत हाच घाट उतरतांना आमची दृष्टि देखाव्यावर नव्हती. ती पायाखालच्या पायडलावर खिळली होती.

आमची गाडी १९५१ सालची मॉरिस मायनर. अलेक इसिगोनिस यांनीं रचलेली ही छोटी गाडी १९४८ सालीं लंडनच्या प्रदर्शनांत प्रथम दिसली व १९७१ पर्यंत इंग्लंडांत निघत राहिली. आजोबांनीं घेतलेली, म्हणून घरांत तिला वडीलधाऱ्या माणसाचा मान. त्या दिवशीं मागें मातोश्री व दोन भाचरें बसलीं होतीं. एका उतारावर ब्रेक दाबला, तों पायडल प्रथम घट्ट लागलें आणि मग हळूहळू खालीं बसूं लागलें. पुन्हा दाबावें, पुन्हा तेंच! पहिला गिअर घातला, हातब्रेक ओढला (तो तारेनें मागचीं चाकें धरतो, तेलाशीं त्याचा संबंध नाहीं) आणि गाडी डोंगराच्या कडेस टेकविली.

"थांबलास कां रे? इथून गणपतीचें देऊळ दिसतें का?" मातोश्रींनीं विचारिलें.

"इंजिन तापलें आहे," आम्हीं सांगितलें. असत्यच तें. पुढें माणूस चालेल त्या वेगानें आम्ही वाईस पोंचलों.

टाकींतील तेल तिळभरहि उतरलें नव्हतें. म्हणजे गळती बाहेर नसून मास्टर सिलिंडरच्या आंतच होती. पायानें पिस्टन ढकलला कीं त्याच्या तोंडाची रबरी वाटी तेलास पुढें रेटते. वाटीची कड झिजली किंवा नळकांडें आंतून खरबरीत झालें, तर तेल पुढें जाण्याऐवजीं कडेनें मागें निसटतें. ब्रेकचें तेल हवेंतील ओल शोषतें आणि ती ओल लोखंड खाते. वर्षांतून सहा महिने उभ्या राहणाऱ्या गाडीस हा रोग विशेष.

नवा सिलिंडर शोधण्यासाठीं आम्ही पुण्याच्या नाना पेठेंत गेलों. मोटारींच्या सुट्या भागांच्या या पेठेंत तेलाचा वास, टायरांच्या चळती आणि गिऱ्हाइकांची झुंबड यांतून वाट काढावी लागते. जुना भाग हातांत असल्यावांचून येथें कोणी आपणांस गंभीरपणें घेत नाहीं, आणि तें योग्यच आहे.

पहिल्या दुकानदारानें पाऊण इंच बोअरचा सिलिंडर पुढें केला. "हा घाला साहेब, पाय हलका होईल." बोलणें खोटें नव्हतें. आमच्या सिलिंडरचा बोअर सात-अष्टमांश इंच. फरक अवघा अष्टमांश इंचाचा. परंतु एकाचें क्षेत्रफळ ०.६० चौरस इंच, तर दुसऱ्याचें ०.४४. तेवढ्याच जोरांत दाब शेंकडा ३६ नें वाढेल खरा; पण तेवढेंच तेल रेटण्यास पायडलहि शेंकडा ३६ नें अधिक खालीं जाईल. चारहि चाकांस ड्रम, त्यांत लायनर झिजून वाढलेलें अंतर, आणि पुढें घाट! उलट एक इंची घेतला तर पायडल दगडासारखें लागून दाब पावभागानें उतरतो.

दुसऱ्या दुकानांत पुढें डिस्क असलेल्या गाडीचा सिलिंडर मिळत होता. ड्रमच्या गाडींत पाय काढल्यावरहि नळ्यांत किंचित् दाब राखणारी एक लहान झडप लागते. त्यांत ती नव्हती. तिसऱ्या ठिकाणीं विलायतेहून आलेला, मेणकागदांत गुंडाळलेला जुना माल पाहतांच आमचा जीव त्यावर जडला. मालकाच्या परवानगीनें पिस्टन बाहेर काढला व वाटीची कड नखानें वांकविली, ती तडकली. रबर न वापरतांहि म्हातारें होतें, हें मोहाच्या भरांत आम्ही विसरलों होतों.

अखेरीस त्याच मापाचा नव्यानें बनविलेला सिलिंडर घेतला. घरीं सौभाग्यवतींनीं विचारिलें, "पण एक नळी फुटली, तर चारहि चाकें मोकळीं?" होय, चारहि. अमेरिकेंत १९६८ पासून नव्या मोटारींस दुहेरी व्यवस्था सक्तीची झाली, ती याचसाठीं. परंतु मायनरचा सिलिंडर चालकाच्या पायाखालीं चासीच्या पोकळ तुळईंत दडलेला. तेथें लांब दुहेरी सिलिंडर मावत नाहीं. आम्हीं सर्व नळ्या व चाकांचीं रबरें नवीं घातलीं, एवढेंच. प्रश्नाचें तें पुरतें उत्तर नव्हे, हें आम्ही जाणतों.

सिलिंडरचे लांब बोल्ट टॉर्शन बारच्या आड येतात, म्हणून बसविण्यास मिस्त्रीचा सबंध दिवस गेला. दांड्यास थोडी ढील ठेवावयास मात्र तो विसरला नाहीं. नाहीं तर पिस्टन पुरता मागें न येतां ब्रेक आपोआप आवळत जातात.

फाल्गुनांत आम्हीं प्रथम मिस्त्रीसह, मोकळ्या गाडीनें घाट उतरून पाहिला. मग मातोश्रींस नेलें. त्याच उतारावर त्या म्हणाल्या, "थांब जरा." पायडल दोन बोटें खालीं गेलें आणि तेथेंच राहिलें. मातोश्री उतरल्या, कृष्णेच्या खोऱ्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या, आणि मान न वळवितां म्हणाल्या, "त्या दिवशीं इंजिन तापलें नव्हतेंच, हो ना रे?"