राखून ठेवलेला जोर

६८ मिलिमीटरचा बोअर, ७५ चा स्ट्रोक, चार सिलिंडर मिळून १०८९ सीसी. प्रीमियर पद्मिनीचं इंजिन म्हणजे एवढंच. फियाटने हे माप १९३७ साली इटलीत ठरवलं आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या निघायच्या बंद झाल्या तोवर, म्हणजे जवळजवळ शतक संपेपर्यंत, ते तसंच राहिलं. मधल्या काळात याच मापाच्या इंजिनावर चिसितालिया नावाच्या छोट्या कंपनीने शर्यतीच्या गाड्या उभ्या केल्या. १९४७ च्या मिले मिलिया शर्यतीत ताझिओ नुवोलारी त्यातलीच एक घेऊन उतरला. पन्नाशी ओलांडलेला, तब्येत ढासळलेली, तरी दुसरा आला. एक चिसितालिया आज न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. आपल्याकडे मात्र हे इंजिन काळ्या-पिवळ्या टपाखाली मीटर टाकून फिरत राहिलं, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी उतरली तेव्हा लोकांनी तिच्याबरोबर फोटो काढून घेतले.

माझ्या गॅरेजात एखादा पोरगा वडिलांची पद्मिनी घेऊन येतो आणि म्हणतो, ‘मामा, हिला जरा पळवायची हाय,’ तेव्हा मी त्याला हे सगळं आधी ऐकवतो. हसतात. चाळीसच्या आसपास हॉर्सपॉवर, नऊशे किलोची गाडी, हँडल गिअर आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक, हसणारच. पण या इंजिनात जोर आहे. तो कारखान्याने मुद्दाम राखून ठेवला आहे, आणि कुणासाठी ठेवला हे कळल्याशिवाय त्याला हात लावू नये, असं माझं मत.

कुणासाठी? पुढे तिघं, मागे चौघं, टपावर कॅरिअर आणि कॅरिअरवर वळकट्या. मे महिना. आंबोलीचा घाट. गाडी चालवणारा काका नुकताच लायसन्स काढून आलेला, तिसऱ्या गिअरमध्येच घाट चढवायचा हट्ट धरणारा. पेट्रोल वाटेत जे मिळेल ते. साठ-सत्तरच्या दशकात आपल्याकडच्या साध्या पेट्रोलचा ऑक्टेन ऐंशीच्या घरात असायचा. अशा पेट्रोलवर, अशा काकाच्या हाताखाली, इंजिन फुटता कामा नये. म्हणून कॉम्प्रेशन कमी, कॅम सौम्य, कार्बोरेटर एकच आणि तोही एका नळीचा. मद्रासजवळ शोलावरमला महायुद्धाच्या काळातल्या धावपट्टीवर ज्या शर्यती व्हायच्या, त्यांत फियाटही पळायच्या. पण शर्यतीच्या गाडीत मागे आत्या बसलेली नसते.

त्यामुळे माझ्याकडे इंजिनाचं काम सुरू होतं ते मापण्यापासून. हेड उतरवायचं आणि टेबलावर उलटं ठेवायचं. व्हॉल्व्ह बसवलेले, प्लग लावलेले. ज्वलनाच्या खळग्याभोवती ग्रीसचं बोट फिरवायचं आणि वर भोक पाडलेली जाड पर्स्पेक्सची पट्टी दाबून बसवायची. मग शाळेच्या प्रयोगशाळेत असते तशी काचेची ब्युरेट घेऊन तिच्यातलं रॉकेल त्या भोकातून थेंब थेंब सोडायचं. पट्टीखाली हवेचा बुडबुडा राहतो, हेड जरासं कलतं करून तो भोकाकडे हाकलायचा. बुडबुडा गेला, रॉकेल भोकाच्या तोंडाशी आलं, की ब्युरेटवरचा आकडा पाहायचा आणि लगेच भिंतीवर खडूने लिहायचा. लगेच लिहायचा, कारण चार खळगे मापेपर्यंत कुणी ना कुणी चहा घेऊन येतोच. या ओतीव हेडांत चारही आकडे सारखे क्वचितच निघतात. एक सिलिंडर जास्त दाबतो, एक कमी, आणि इंजिन आयुष्यभर किंचित थरथरत राहतं. गाडीचा मालक त्याला ‘फियाटचा आवाज’ म्हणतो. लहान खळगे खरवडून मोठ्याच्या बरोबरीला आणले की अर्धं ट्यूनिंग झालं, आणि तोवर एक हॉर्सपॉवरही वाढवलेली नसते.

पुढे हिशोब. एका सिलिंडरचा वाटा २७२ सीसीचा. समजा कॉम्प्रेशन ८ ला १ आहे, तर पिस्टन टोकाला गेल्यावर त्याच्या वर साधारण ३९ सीसी जागा उरते. हेडचा खळगा, गॅस्केटची जाडी, सगळं धरून. ९ ला १ करायचं तर ३४. म्हणजे पाच सीसीचा फरक, खोकल्याच्या औषधाचा एक चमचा. तेवढीच जागा कमी करायची असते. आज पंपावरच्या साध्या पेट्रोलचा ऑक्टेन नव्वदच्या वर आहे. जुन्या पेट्रोलसाठी राखलेला तो चमचाभर जोर आता कुणाच्या उपयोगाचा नाही. तो घेतला तर कुणाचं नुकसान नाही.

घ्यायचा कसा? हेडचा चेहरा घासून. त्यासाठी मी आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात जातो. ऑइल इंजिनांच्या जोरावर उभी राहिलेली ही वसाहत. इथल्या ग्राइंडिंगवाल्यांनी शेतातल्या इंजिनांपासून ट्रकच्या क्रँकपर्यंत सगळं हाताखालून घातलंय. ज्यांच्याकडे मी जातो ते काका हेड मशीनवर चढवण्याआधी त्यावर स्टीलची पट्टी आडवी धरतात, खाली फेलर गेज सरकवून बघतात आणि विचारतात, ‘किती पाडू?’ मी आकडा सांगितला की त्यांचा दुसरा प्रश्न ठरलेला: ‘आधी कुणी पाडलंय का?’ प्रश्न रास्त आहे. हेड ॲल्युमिनियमचं, एकदा गरम होऊन वाकलेलं, कुठल्यातरी गॅरेजात एकदा फेसिंग केलेलं. वरून मी घासलं तर गॅस्केटखालचा भाग पातळ होत जातो. मुंबईच्या टॅक्स्यांची हेडं कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळायची, ती मी दोन व्हॉल्व्हच्या मधल्या जागेत भिंग लावून बघत असे. तिथे केसासारखी चीर दिसली की किंमत विचारायचीसुद्धा नाही.

हेड खाली आलं की रॉकर खाली येतात, पण पुशरॉडची लांबी तेवढीच राहते. मग रॉकरचा कोन बिघडतो आणि व्हॉल्व्हच्या दांड्यावर आडवा दाब येतो. रॉकरच्या खुर्च्यांखाली तेवढ्याच जाडीच्या शिम घालाव्या लागतात. हे बहुतेक जण करत नाहीत. सहा महिन्यांनी व्हॉल्व्ह गाइड ढिले होऊन गाडी धूर काढायला लागते, आणि दोष येतो ‘कॉम्प्रेशन वाढवल्या’वर.

पोर्ट घासणं, मॅनिफोल्डचं तोंड गॅस्केटशी जुळवणं ही चिकाटीची कामं, त्यात सांगण्यासारखं फार नाही. सायलेन्सर कापून आणणाऱ्यांबद्दल तर काहीच सांगायचं नाही.

कॅमशाफ्टला मी हात लावत नाही. पोरांना हे पटत नाही, कारण जे काही वाचून येतात त्यात ‘रेस कॅम’ असतोच. व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे राहिले की वरच्या आरपीएमला इंजिन जास्त श्वास घेतं, खरं आहे. पण खाली ते घुटमळतं. शिवाय ७५ मिलिमीटरचा स्ट्रोक. ६००० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १५ मीटर होतो. आणि या क्रँकला मेन बेअरिंग तीनच आहेत, मधल्या आधाराच्या दोन्ही बाजूंना क्रँक दोन-दोन पिस्टनांचं ओझं घेऊन लवत असतो. वरची ताकद घ्यायला वरच जावं लागतं, आणि वर जाण्याइतकी ही हाडं तरुण नाहीत. शिवाय एक साधी गोष्ट असते. गाडी वडिलांची आहे, ते अजून ती चालवतात, आणि महाद्वार रोडच्या गर्दीत सेकंडवर क्लच न दाबता सरकत राहायची त्यांची सवय काही बदलणार नाही. सौम्य कॅम त्यांच्यासाठी आहे. ते आहेत तोवर तो राहणार.

इंजिनच बदलून टाकू म्हणणारेही येतात. प्रीमियरच्याच ११८ एनईमध्ये निसानचं ए-१२ इंजिन होतं, ११७१ सीसीचं, पद्मिनीच्या इंजिनापेक्षा मोकळं फिरणारं. ते पद्मिनीत बसवलेल्या गाड्या मी पाहिल्यात, छान पळतात. पण मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कडक लावला आहे. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद हवी. कागद करून आलात तर बघू, असं मी सांगतो. कागद करून अजून कुणी आलेलं नाही.

सगळ्यात जास्त वाद होतो तो ब्रेकवरून. ‘मामा, पळवायला आणलीय, थांबवायला न्हाय,’ असं एकाने तोंडावर ऐकवलं होतं. पण राखीव जोर शोधत गाडीभर फिरलात तर एका ठिकाणी काहीच राखलेलं सापडत नाही, ते म्हणजे हे ड्रम. घाट उतरताना ते तापतात, तापून फुगतात, लाइनर त्यांच्यापासून लांब जातो आणि पेडल खाली खाली जायला लागतं. म्हणून इंजिनाला पाना लावायच्या आधी चारही ड्रम उतरवून, गोल आहेत का ते डायल लावून बघतो. लाइनर नवे बसवले की ते ड्रमच्या गोलाईला पूर्ण टेकतात की नुसते टोकाला, हे खडू फासून तपासतो. टेकत नसतील तर घासून जुळवतो. व्हील सिलिंडर आणि होज नवे. मागचे पाटे सुटे करून, साफ करून, मधे ग्रीस घालून परत बांधले की मागची बाजू वळणावर उडत नाही. एवढं झालं की इंजिन जसंच्या तसं असूनही गाडी पन्हाळ्याला आधीपेक्षा लवकर पोचते, कारण चालवणारा वळणाआधी उगाच घाबरून वेग मारत नाही. पोरगं ही ट्रायल घेऊन आलं की निम्मे वेळा इंजिनाचं बोलणंच काढत नाही.

टायमिंग मी वाघबिळाच्या चढावर लावतो. टायमिंग लाइट आहे, तो वापरतोही, पण जुन्या डिस्ट्रिब्यूटरमधल्या वजनांच्या स्प्रिंगा सैल झालेल्या असतात आणि ॲडव्हान्स हवा त्याच्या आधीच येऊन बसतो. ते उभ्या गाडीत नीट कळत नाही. सीबी पॉइंटचा गॅप आधी, कारण गॅप हलला की टायमिंग हलतं. मग चढावर टॉप गिअर, चाळीसचा वेग, आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा. काचा वर. बॉनेटखालून बारीक टणटण यायला हवी, क्षणभर, आणि वेग धरला की विरून जायला हवी. आलीच नाही तर डिस्ट्रिब्यूटर केसभर पुढे. थांबतच नसेल तर मागे. शेजारी बसलेल्या मालकाला हा आवाज ऐकायला शिकवणं हा माझ्या फीचा भाग आहे. पुढे पेट्रोल बदललं की त्यालाच तो ऐकू येणार आहे.

आणि पेट्रोल बदलतं. २००० साली त्यातलं शिसं गेलं, तेव्हा एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटा कडक धातूच्या करून घ्याव्या लागल्या. शिशाचा थर त्यांना उशीसारखा होता, तो गेला. आता वीस टक्के इथेनॉल आलंय. जुनी रबरी नळी आणि पेट्रोल पंपाचा पडदा ते खातं, म्हणून ते दोन्ही आधी बदलायचे. कार्बोरेटरला मात्र यातलं काहीच कळत नाही. तो जेटच्या भोकातून पूर्वीइतकंच पेट्रोल सोडतो, पण इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेत ते जास्त सोडावं लागतं, साधारण सात-आठ टक्के. सोलेक्सच्या जेटवरचा आकडा भोकाचा व्यास सांगतो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १२० चा जेट काढून १२५ चा लावला की व्यास नुसता मिलिमीटरच्या विसाव्या भागाने वाढतो, पण भोकाचं क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी. तेवढं पुरतं. प्लग काढून बघायचा. पांढरट होता तो बिस्किटी झाला की झालं. तारेने जेट कोरणाऱ्यांना मी गॅरेजात उभं करत नाही.

इथेनॉलचा ऑक्टेन मात्र शंभराच्या वर आहे, त्यामुळे मिसळलेलं पेट्रोलही टणटण करायला जास्त वेळ घेतं. मग सध्या ज्या हेडचं काम चालू आहे त्याचा पोरगा रोज फोन करून विचारतो, अजून दोन सीसी कमी केले तर? त्याचं गणित बरोबर आहे. ३४ चे ३२ केले की कॉम्प्रेशन साडेनऊ होतं, आणि आजच्या पेट्रोलवर ते चालूनही जाईल. त्याला म्हटलं, पेट्रोल परत बदलेल, आणि घासलेलं ॲल्युमिनियम परत चिकटवता येत नाही. ‘एवढे दोन सीसी तेवढे घ्या की मामा!’

घेतले नाहीत. उद्या हेड उद्यमनगरातून येईल, ३४ वर.