मोरीखालची वस्ती

पारोळा सोडून धुळ्याकडं निघालं की महामार्गाखाली एका नाल्याची मोरी लागते. वरून ट्रक धडधडत जातात आणि खाली सिमेंटच्या छताला मातीची घरटी एकमेकांना खेटून लटकलेली असतात, लांबून मोहोळच वाटावं. जवळ गेल्यावर एकेक घरटं निराळं कळतं. पोटाशी फुगीर, पुढं आखूड नळीचं तोंड, आणि चिखलाची प्रत्येक गोळी उठून दिसणारी. काठावरच्या गोळ्या ओल्या, काळ्या. आतल्या सुकून राखाडी झालेल्या.

ही घरं रेघाळ गळ्याच्या भिंगरीची. लांबी जेमतेम 11 ते 12 सेंटिमीटर, म्हणजे चिमणीहूनही लहान. डोकं विटकरी, पाठ निळसर काळी आणि तीवर पांढुरक्या रेघा, कंबर तपकिरी, शेपूट आखूड आणि नावापुरती दुभंगलेली. ती हवेत असते तेव्हा यातलं काही धड दिसत नाही. नाल्याकाठी चिखल उचलायला उतरली की मात्र मळकट गळ्या-छातीवरच्या बारीक रेघा दुर्बिणीत स्वच्छ दिसतात. तारेसारख्या शेपटीच्या भिंगरीचंही डोकं विटकरीच, पण तिचं पोट पांढरंशुभ्र. हिवाळ्यात हतनूरच्या जलाशयावर येणारी माळभिंगरी तर हिच्यापुढं चांगलीच मोठी दिसते.

एडवर्ड ब्लिथनं 1855 मध्ये बुंदेलखंडातल्या पक्ष्यावरून हिचं शास्त्रीय वर्णन केलं. अफगाणिस्तानापासून पाकिस्तान, नेपाळ आणि खाली दक्षिण भारतापर्यंत तिचा वावर आहे. उत्तरेकडच्या थंडी पडली की खाली सरकतात. पुस्तकातल्या नकाशात हा सगळा मुलूख एकाच रंगात रंगवलेला असतो. गिरणेपासून पांझरेपर्यंत हिंडताना तो रंग मला ठिपक्याठिपक्यांनी भेटला. पाणी, ओला चिखल आणि वर टेकायला छत, हे तिन्ही जुळलं तिथं शेकड्यांनी, आणि मधल्या कोरड्या माळावर एकही नाही. पूर्वी नदीकाठचे कडे हाच तिचा आसरा होता. कालवे झाले, पूल झाले, तसा तिचा पसाराही वाढला. माणसाच्या बांधकामानं एखाद्या पाखराचं भलं झाल्याची अशी उदाहरणं थोडी; म्हणून मला या मोरीचं फार अप्रूप.

तिथंच शेळ्या चारणाऱ्या एका बाबांना मी विचारलं, पोरं घरटी पाडत नाहीत का? ते म्हणाले, "नही भाऊ, आम्ही त्यास्ले हात लावतस नही."

धोका आहे तो डागडुजीचा. एका पुलाखाली रंगासाठी छत खरवडलेलं मी पाहिलंय. खाली ढेकळं आणि त्यात फुटलेली पांढरी अंडी. वीण मुख्यतः फेब्रुवारी ते एप्रिल आणि पुन्हा जुलै ते ऑक्टोबर. पावसाळ्याआधी मोऱ्या उपसायच्या असतातच. छताचं कामही तेव्हाच, मेच्या अखेरीस, नळ्यांत बॅटरी मारून घरटी रिकामी असल्याची खात्री करून काढावं.