गरज नसलेली तपासणी आणि डॉक्टरची फी

आमच्या कळवण तालुक्यात ताप दोन-तीन दिवस उतरला नाही की रक्त तपासायचं, हे आता घरोघरी ठरून गेलं आहे. कनाशी-दळवटकडून आलेल्या मजुराच्या चिठ्ठीवरही बऱ्याचदा विडाल असतं. टायफॉईडची ही जुनी तपासणी पहिल्या आठवड्यात खात्रीचं काही सांगत नाही, आणि हा आजार जिथे नेहमीचाच, तिथे जुन्या संसर्गामुळेही ती पॉझिटिव्ह येते. पैसे जातात ते जातातच, वर नको ती अँटिबायोटिक्स सुरू होतात. माझं मत स्पष्ट आहे: गरज नाही हे कळूनही रुग्णाने तपासणी मागितली, तर लॅबने आपला दर घ्यावा, चिठ्ठी लिहून देणाऱ्या फॅमिली डॉक्टरला मात्र त्यातला एक रुपयाही मिळता कामा नये.

भारतीय वैद्यक परिषदेची 2002 ची आचारसंहिता हेच सांगते. रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन घ्यायचं नाही, तपासणीसाठी पाठवला तरी नाही. तरीही 'कट' चालतो; डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी डॉक्टरांनाच बोलतं करून तो जगापुढे मांडला. 2017 मध्ये माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या समितीने त्याविरुद्ध कायद्याचा मसुदाही केला. तो मसुदाच राहिला, याची मला चीड येते.

डॉक्टर म्हणतात, उद्या रुग्ण ग्राहक न्यायालयात गेला तर? 1995 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून ही भीती खरीच आहे. पण 'आज तपासणीची गरज नाही, ताप राहिला तर परवा या' अशी कारणासह केसपेपरवर केलेली नोंद डॉक्टरला जास्त तारते. दुसरं म्हणणं मला अधिक वजनदार वाटतं: नुसतं तपासून, समजावून सांगण्याचे पैसे कोणी पुरेसे देत नाही. इथे मी डॉक्टरांच्या बाजूने आहे. त्यांनी फी वाढवावी, दाराशी लिहून लावावी. 'तपासणी नको' या सल्ल्यालाही मोल आहेच. ज्याला ही फी परवडणार नाही त्याला उपजिल्हा रुग्णालयात पाठवावं. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार आणि तपासण्या मोफत आहेत. रांग लागते, हेलपाटे होतात, हे मान्य. पण नको ती तपासणी टाळणं त्याहून महत्त्वाचं: या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलची तपासणी खरी गरजेची, आणि विडालवर मजुरी घालवलेला माणूस तिच्यासाठी पुन्हा रक्त द्यायला सहजी तयार होत नाही.