कुड्याच्या फुलात डोकावून

मानपाड्याला घोडबंदर रस्ता सोडून टिकुजिनीवाडीकडे वळलं, की येऊरचा डोंगर समोर उभा राहतो. मे सरता सरता या उतारांवर पांढऱ्या फुलांचे घोस दिसतात. कोणालाही विचारा, ‘कुडा’ म्हणतील. बरोबरच, पण अर्धवट. कुडे मुख्यतः तीन: पांढरा, काळा आणि तांबडा.

तांबड्याच्या पानांवर मऊ लव असते, त्यामुळे तो सहज वेगळा पडतो. खरा घोळ उरलेल्या दोघांत. दोन्ही झाडं लहान चणीची, पानं समोरासमोर, पान खुडलं की चीक. फुलंही पांढरी, पाच पाकळ्यांची. लांबून काढलेल्या फोटोवरून भल्याभल्यांना सांगता येत नाही. म्हणून फूल तळहातावर घ्यावं आणि त्याच्या तोंडात पाहावं. पांढऱ्या कुड्याच्या पाकळ्यांमध्ये नुसतं बारीक भोक दिसतं. पुंकेसर नळीच्या आत लपलेले. काळ्या कुड्यात त्याच जागी पांढऱ्या तंतूंची झालर, आणि तिच्यातून वर डोकावणारी पुंकेसरांची टोकदार जुडी. ती झालर किती नाजूक असते! एकदा पाहिली की पुन्हा गफलत होत नाही.

हा फरक औषधाच्या दृष्टीनेही मोठा आहे. आवेवर देतात त्या कुटजारिष्टाला साल लागते ती पांढऱ्याची, कडू इंद्रजवही त्याचेच. मेघदूतातला यक्ष ढगाला अर्घ्य देतो तेही याच कुटजाच्या, म्हणजे पांढऱ्या कुड्याच्या, ताज्या फुलांचं. पण म्हणून काळ्याला कमी लेखू नये. त्याच्या पानांतून नीळ काढत, आणि कर्नाटकातल्या चन्नपट्टणची गुळगुळीत खेळणी त्याच्याच लाकडाची.

ही नेमकी ओळख इथे आणखी एका कारणाने हवी. ठाणे-बोरिवली जोडबोगद्याचं, ११.८ किलोमीटरच्या मार्गाचं, भूमिपूजन जुलै २०२४ मध्ये झालं. त्याचं ठाण्याकडचं टोक इथेच, टिकुजिनीवाडीपाशी. अशा बांधकामाच्या जागी झाडांची यादी करताना नुसतं ‘कुडा’ लिहिलं, तर दोन निराळी झाडं एकाच ओळीत गडप होतात. हे मला फार लागतं. फुलं नसली तरी शेंगा असतात: दोन्हींच्या लांब, बारीक, जोडीने लोंबणाऱ्या. काळ्याची कोवळी जोडी टोकाशी जुळलेली असते, पांढऱ्याच्या दोघी सुट्या. यादीत नेमकं नाव लिहायला एवढी खूण पुरते.