मैदानाकडे पाठ

पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघाले, यवत आणि वरवंड मागे टाकले की आमचे पाटस येते. बाहेरच्या माणसाला हे गाव टोलनाक्यामुळे किंवा भीमा-पाटस साखर कारखान्यामुळे ठाऊक असते. इथे खेळ म्हणजे कुस्ती, कबड्डी आणि पीक निघालेल्या रानातले क्रिकेट. फुटबॉल आम्ही टीव्हीवर पाहिला होता, तेवढाच.

अशा गावातून आम्ही तिघे, दोन चुलतभाऊ आणि एक शेजारी, ७ मार्च २०१८ रोजी बालेवाडीला गेलो. तिथल्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीचा पहिला सामना होता : एफसी पुणे सिटी विरुद्ध बेंगळुरू एफसी. एका ओळखीच्याने एका दिवसाचे काम मिळवून दिले होते. पदाचे नाव स्टुअर्ड. रोज मिळणार, जेवणाचे पाकीट मिळणार आणि सामना फुकट पाहायला मिळणार, असा आमचा हिशेब. सकाळी पाटस स्टेशनवरून गाडी धरली तेव्हा तिघेही सुनील छेत्रीला जवळून पाहण्याच्या गोष्टी करत होतो.

दुपारी हातात भडक रंगाचे जाकीट पडले आणि पहिल्याच सूचनेत आमचा हिशेब चुकला. “सामना तुमच्यासाठी नाही. मैदानाकडे पाठ, प्रेक्षकांकडे तोंड. गोल झाला तरी मान वळवायची नाही.”

मग काम समजावून सांगितले. तुम्ही पोलीस नाही, कुणावर हात टाकायचा नाही. माणसाला त्याची खुर्ची दाखवा. पायऱ्यांवर कुणाला बसू देऊ नका, ती वाट आहे. दाराशी सामान ठेवू देऊ नका. कुणाला चक्कर आली, मूल हरवले, भांडण पेटले तर स्वतः शहाणपणा न करता वरच्याला कळवा. सामना संपण्याआधीच बाहेरची दारे उघडायची आणि दाराजवळून हलायचे नाही.

ही शिस्त उगाच आलेली नाही. १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात दंगल आणि चेंगराचेंगरी होऊन १६ प्रेक्षक गेले. १५ एप्रिल १९८९ रोजी इंग्लंडमध्ये शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर भरलेल्या कठड्यात आणखी माणसे सोडली गेली. पुढे लोखंडी जाळी, मागून लोट. त्यात ९७ जणांचे प्राण गेले. त्यानंतर तिथल्या मोठ्या मैदानांवरच्या जाळ्या निघाल्या, प्रत्येकाला खुर्ची आली. आमच्या त्या दिवसानंतर साडेचार वर्षांनी, १ ऑक्टोबर २०२२ रोजी, इंडोनेशियातल्या मलांग गावी पोलिसांनी मैदानात अश्रुधूर सोडला. लोक दारांकडे धावले आणि अरुंद दारांशी चेंगरले. १३५ माणसे गेली. आणि दूर कशाला जायचे? मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ रोजी २३ जण दगावले, ती बातमी तेव्हा ताजीच होती. माणसे गर्दीमुळे मरत नाहीत. वाट अडते म्हणून मरतात.

संध्याकाळी दारे उघडली. पाण्याच्या बाटल्या, लायटर बाहेर ठेवायला सांगताना शंभर जणांची बोलणी खाल्ली. मगरिबची वेळ झाली तेव्हा स्टँडच्या मागे आळीपाळीने नमाज उरकली. एक जण नमाजला, दोघे जागेवर.

आठ वाजता सामना सुरू झाला. पाठीमागे चेंडूवर पाय पडल्याचा आवाज, समोर हजारो चेहरे. खेळ आम्ही त्या चेहऱ्यांवर पाहिला. डोळे मोठे झाले की चेंडू गोलाजवळ, हात डोक्यावर गेले की संधी हुकली.

आणि एका क्षणी आमच्यातल्या एकाने मान वळवलीच. गर्जनाच तशी उठली, वाटले गोल झाला. फार तर पाच-सात सेकंद. तेवढ्यात मागच्या रांगांतली पोरे पायऱ्या उतरून कठड्याशी धावली होती. कठड्याला एक लहान मुलगा उभा होता, तो दोन मोठ्यांच्या मध्ये दाबला गेला. ओरडायलाही त्याला श्वास नव्हता. दुसऱ्याने पाहिले, हाक मारली, तिघांनी मिळून माणसे मागे घेतली. मुलगा रडत वडिलांकडे गेला. कुणाला काही कळले नाही, कुठे नोंद झाली नाही. पण त्या सात सेकंदांची जबाबदारी आमची होती. सामना संपेपर्यंत आम्ही एकमेकांकडेही पाहिले नाही.

रात्री हडपसरच्या गाडीतळावरून मिळेल त्या वाहनाने निघालो. मध्यरात्र उलटल्यावर पाटसला उतरलो. अब्बा जागेच होते. “कोण जिंकलं?” आम्ही म्हणालो, “गोलच झाला नाही म्हणतात.” “म्हणतात? मग तुम्ही काय पाहिलंत?” त्या मुलाची गोष्ट तेव्हा सांगितली. अब्बा एवढेच म्हणाले, “कुणी विश्वासानं जीव तुमच्या हवाली केला, तर ती अमानतच.”

आषाढी वारीत तुकाराम महाराजांची पालखी वरवंडहून पाटसमार्गे रोटी घाटाकडे जाते. घाट चढताना रथाला जादा बैलजोड्या जुंपतात, ते पाहायला पंचक्रोशी लोटते. त्या वर्षी आम्ही तिघे गावातल्या अरुंद वळणावर उभे राहिलो. कुणी सांगितले नव्हते, जाकीट नव्हते. एक बाजू मोकळी ठेवली, लहान मुलांना पुढून काढून ओट्यावर बसवले.

एक म्हातारी वारकरी बाई थांबून म्हणाली, “आरं पोरांनो, पालखीकडं पाठ करून का हुबं ऱ्हायलाय?”

“आजी, पाठ पालखीकडं असली तरी डोळे तुमच्याकडं हायेत,” आम्ही म्हणालो.

तिने हसून आमच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मोकळ्या ठेवलेल्या बाजूने पुढे निघून गेली.