पेटींत ठेविलेली गिटार

प्रत्येक मनुष्यास कांहीं ना कांहीं छंद असतो. कोणी पोस्टाचीं तिकिटें जमवितो, कोणी जुनीं नाणीं. मला छंद लागला तो विजेच्या गिटारींचा; त्यांतही ज्यांवर एखाद्या नामांकित वादकाचें नांव असतें व ज्या थोड्याच संख्येनें निघतात, अशा गिटारींचा. या छंदानें मला काय शिकविलें, तें येथें सांगतों.

विजेच्या गिटारीची रचना मोठ्या चतुराईची असते. तिच्या पोलादी तारांखालीं लोहचुंबक व त्यांभोंवतीं तांब्याच्या बारीक तारेचें वेटोळें असतें. तार छेडली कीं वेटोळ्यांत सूक्ष्म विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, व तोच वाढवून कर्ण्यांतून ऐकविला जातो. १९५२ सालीं अमेरिकेंतील गिब्सन कंपनीनें लेस पॉल या वादकाच्या नांवाची गिटार काढली. १९८८ सालीं फेंडर कंपनीनें एरिक क्लॅप्टनच्या नांवाची काढली. रसिकांत अशा वाद्यांस मोठा मान आहे.

माझें मन मात्र 'क्वीन' या इंग्रजी वाद्यवृंदांतील ब्रायन मे यांच्या तांबड्या गिटारीवर जडलें. त्यांचा सहकारी गायक फ्रेडी मर्क्युरी हा लहानपणीं पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेंत शिकला, हें कळल्यावर तर ती ओढ अधिकच वाढली. कित्येक वर्षें पगारांतून थोडी थोडी रक्कम बाजूस टाकून, मे यांचें नांव असलेली त्या गिटारीची एक प्रतिकृति मीं मिळविली. ती घरीं आली आणि कुलुपाच्या पेटींत गेली. माझा पुतण्या मित्राच्या मोडक्या गिटारीवर शिकत असे. त्यानें एके दिवशीं भीत भीत विचारिलें, "काका, एकदांच वाजवूं का?" मीं उत्तर दिलें, "ही वाजविण्याची नव्हे, जपण्याची वस्तु आहे." त्यानें पुन्हां विचारिलें नाहीं.

दोन पावसाळे गेले. पुढें नाताळच्या सुटींत पाहुण्यांस दाखविण्याकरितां मीं मोठ्या अभिमानानें पेटी उघडली. आंत मखमलीवर बुरशी पसरली होती, तारा गंजल्या होत्या व गिटारीची मान किंचित् वांकली होती! दुरुस्त करणारा कारागीर म्हणाला, "साहेब, ही रोज हातांत असती तर रोज पुसली गेली असती, नि दोषही वेळींच कळला असता."

त्या रात्रीं मला मूळ गिटारीचा इतिहास आठवला. १९६३ सालीं ब्रायन शाळकरी मुलगा होता. चांगली गिटार विकत घेण्याइतके पैसे नव्हते, म्हणून बाप-लेकांनीं ती घरींच करावयास घेतली. इंग्रजी घरांत ऊब घेण्याकरितां भिंतींत शेगडी असते. तशा एका शेगडीवरील जुन्या लांकडांतून त्यांनीं गिटारीची मान घडविली. किड्यांनीं पाडलेलीं भोंकें आगकाड्यांनीं बुजविलीं. जुन्या मोटारसायकलीच्या स्प्रिंगा घातल्या, आईच्या विणकामाच्या सुईचें टोंक व तिच्या डब्यांतील शिंपल्याचीं बटणें वापरलीं. दोन वर्षांच्या श्रमानें झालेली हीच गिटार २००२ सालीं राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवांत बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवर वाजली. डेव्हिड गिल्मर या वादकानें तर २०१९ सालीं आपल्या शंभरांहून अधिक गिटारी लिलांवांत काढून, आलेले सुमारें २ कोटि १५ लक्ष डॉलर पृथ्वीच्या हवामानाच्या रक्षणार्थ झटणाऱ्या संस्थेस दिले.

मला माझी लाज वाटली. मीं त्या गिटारीचें रूप विकत घेतलें होतें. गुण घेतला नव्हता. कसर व जंग यांविषयीं डोंगरावरील प्रवचनांत जें सांगितलें आहे, तें मीं लहानपणीं पाठ केलें होतें. पण त्याचा अर्थ मला गंजलेल्या सहा तारांनीं समजाविला.

दुसऱ्या दिवशीं मीं पेटीची किल्ली पुतण्याच्या हातांत दिली. त्यास ती थट्टाच वाटली. आतां तो रोज वाजवितो. पहिल्याच आठवड्यांत त्याच्या सदऱ्याच्या गुंडीनें गिटारीच्या तांबड्या पाठीवर एक रेघ ओढली गेली. माझ्या काळजांत चर्र झालें, हें खोटें कां सांगूं? परंतु ती रेघ मीं पुसून घेतली नाहीं. मूळच्या गिटारीवरही अशा रेघा पुष्कळ असतील.

विद्यार्थिमित्रांनो, छंद अवश्य करा. पण जें जमवाल, तें कोणाच्या तरी उपयोगीं पडतें कीं नाहीं, हें पेटीस कुलूप लावण्यापूर्वीं एकदां पहा.