राणीबागेत आधी झाडं पाहा

घणसोली गावातून राणीबाग गाठायची तर ठाण्याला गाडी बदलून भायखळ्याला उतरायचं. मुलांना घेऊन निघालेल्या घरांत वाटेवरचं बोलणं वाघाचं आणि पेंग्विनचं असतं. मी जातो ते झाडांसाठी. राणीबाग, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, ही मुळात वनस्पतींची बाग आहे. १८६२ साली ती लोकांना खुली झाली आणि प्राणिसंग्रहालयाची भर नंतर पडली. पण मी झाडांची बाजू घेतो ती केवळ वयाच्या ज्येष्ठतेवरून नव्हे. पिंजऱ्यात आलेल्या प्राण्याचं भोवतालाशी असलेलं नातं तुटतं; झाड जिथे लावाल तिथे नवं नातं जोडतं. २०१६ साली सोलहून आणलेले हम्बोल्ट पेंग्विन मूळचे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. मुंबईत त्यांना काचेआड, यंत्राने गार केलेल्या हवेतच जगावं लागतं. गोरखचिंच त्यांच्यासारखीच परदेशी, आफ्रिकेतली. पण ती इथल्या कोरड्या महिन्यांत पानं गाळते, पावसाबरोबर पालवते, आणि तिच्या रात्री उमलणाऱ्या पांढऱ्या फुलांवर वटवाघळं येतात. कैलासपतीची फुलं थेट खोडावर लगडतात. नागाच्या फण्याखाली शिवलिंग असावं तशी त्यांची घडण, म्हणून हे नाव. ब्रह्मदेशातल्या उर्वशीची कोवळी पानं कोमेजल्यासारखी लोंबतात आणि हळूहळू हिरवी होऊन ताठ होतात. हे सारं बघायला गजांच्या आड डोकवावं लागत नाही.

यावर कुणी म्हणेल, प्राणी नसतील तर गर्दी येणार नाही, आणि गर्दी नसेल तर मुंबईतली ही पन्नासेक एकर जागा तरी टिकेल का? हा आक्षेप मला खरोखर जड वाटतो. म्हणूनच प्राणी हलवा असं मी म्हणत नाही. पण प्राण्यांपायी आलेली हीच गर्दी दीडशे वर्षांच्या सावलीतून मान वर न करता निघून जाते, तेव्हा जागा टिकली तरी बाग हातची जातेच. झाडांनी मुलं कंटाळतात, असंही ऐकू येतं. कंटाळतील नाही तर काय? पाटीवर नुसतं नाव असेल, तर ते वाचून पोराच्या हाती काय लागणार? फूल कधी येतं, त्यावर कोण येतं, हे सांगणारं कुणी जवळ हवं. तिकिटाच्या खिडकीशी या महिन्यात काय फुललंय एवढं फळ्यावर खडूने लिहिलं, तरी मुलं ते झाड शोधत जातील.

घणसोलीच्या मुलांसाठी तर मला हे फार निकडीचं वाटतं. गावालगतच्या ठाणे खाडीला २०२२ साली रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. तिथे हिवाळ्यात रोहित पक्षी आपणहून उतरतात. पेंग्विनच्या काचेला नाक लावून आलेल्या पोराला गावाच्या पश्चिमेला चिखलातून वर आलेली तिवराची श्वासमुळं दाखवली, तर ती कशासाठी आहेत हे त्याने विचारायला हवं, आणि घरातल्या कुणाला तरी उत्तर यायला हवं.